सत्त्याण्णव अंशांचे गुलाब

मोहिचेहराला सासरी पाठवताना तिचे वडील मिरकोमिल दोमला रडले. रडले हा शब्द तसा फारच सभ्य झाला. त्यांनी गाडीच्या दाराची मूठ धरून भोकाड पसरलं. डोक्यावरची दोप्पी खाली पडली, ती त्यांच्याच पायाखाली आली, गाडी सुटली तरी त्यांच्या हातून मूठ सुटेना, आणि लांबलचक कर्णे फुंकणाऱ्या वाजंत्र्यांनी हे कुठलं नवीन वाद्य म्हणून आपापले कर्णे खाली घेतले. आमच्या मर्गिलानात मुलीच्या आईनं रडावं, आजीनं रडावं, शेजारणींनी तर रडावंच. बापानं मात्र हात छातीवर ठेवून ताठ उभं राहायचं असतं. त्यातून हे लायसियममध्ये रसायनशास्त्र शिकवणारे, म्हणून तर लोक त्यांना दोमला, म्हणजे मास्तर, म्हणतात. त्यांच्यापुढे वर्गच्या वर्ग चळचळा कापतात. त्यामुळे त्या रडण्याबद्दल महल्ल्यात कोणी चकार शब्द काढला नाही. निदान त्यांच्यासमोर तरी नाही.

पण कॅमेरा कोणाची भीडभाड ठेवत नाही. आणि तो कॅमेरा दुसऱ्या कोणाचा नव्हता, खुद्द दोमलांचाच होता.

त्याचं असं झालं की लग्न ठरलं तेव्हाच व्याही तुर्सुनाली म्हणाले होते, "कुदा, शूटिंगची काळजी सोडा. आमचा पुतण्या जावलोन आहे. अख्ख्या फर्गाना खोऱ्यात त्याच्या तोडीचा कॅमेरावाला नाही." व्याही एकमेकांना कुदा म्हणतात, आणि कुदाचा शब्द सहसा मोडत नाहीत. पण दोमलांना तुर्सुनालींचा सूर खटकला. त्यांनी चहाची पियाली खाली ठेवली आणि म्हणाले, "कुदा, पोरगी माझी, फिल्मही मीच करणार." बायको रिसोलतनं पडद्याआडून कपाळावर हात मारून घेतला, तो आवाज बैठकीत सगळ्यांना ऐकू आला.

निरोपाच्या वेळी बाप म्हणून त्यांना गाडीजवळ उभं राहणं भाग होतं. मग कॅमेरा तिवईवर लावून फाटकाकडे तोंड करून ठेवला. त्यानं आपलं काम चोख केलं.

लग्नानंतर मुलीकडच्यांनी कुदांना मेजवानीला बोलवायचं असतं. त्या दिवशी मुलगी पहिल्यांदा माहेरी येते. दोमलांनी भर मांडवात सांगून टाकलं होतं की फिल्म त्याच मेजवानीत दाखवणार. आता ती झाली नाही तर तुर्सुनाली जन्मभर "तरी मी म्हणत होतो" म्हणणार, आणि ते रोज ऐकायला मोहिचेहरा त्यांच्याच घरात असणार. आणि झाली, तर तिच्यात हे भोकाड.

तो भाग कापून टाकावा म्हणाल, तर तेही शक्य नव्हतं. त्याच दृश्यात विहीणबाई हाफिज़ा-ओपा नवा कोरा रेशमी अत्लासचा झगा घालून सुनेला मिठी मारत होत्या, आणि जेव्हा फोन येई तेव्हा ख्यालीखुशाली झाल्यावर विचारत, "ती मिठी घेतलीत ना नीट?" तेव्हा मिठी ठेवायची आणि दोमला झाकायचे, असा पेच होता. दोमलांनी शोधून काढलं की संगणकात चित्रावर गुलाब बरसवता येतात. एक थर घातला, तर पाकळ्यांमधून नाक दिसायला लागलं. दुसरा घातला, तर उघडं तोंड दिसलं. मग कबुतरं सोडली. मग बदामाच्या आकाराची लाल हृदयं, मग सोनेरी चांदण्या, आणि त्यावर पुन्हा गुलाब. शेवटी दोमला पुरते दिसेनासे झाले आणि गाडीशेजारी एक हलतं फुलांचं दुकान उभं आहे असं वाटायला लागलं. दोमला समाधानानं हसले आणि सगळे तुकडे जोडून एक सलग फिल्म करायची आज्ञा त्यांनी यंत्राला दिली.

यंत्र गुरगुरलं, निरोपाच्या दृश्यापर्यंत आलं आणि पटकन बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच बंद. यंत्र जेव्हा जेव्हा गुलाबांपाशी येई, तेव्हा तेव्हा पडदा काळा होई.

"तापतंय ते," लायसियममधला संगणकाचा मास्तर रावशान म्हणाला. "स्वतःला वाचवायला आपणहून बंद पडतंय. तुम्ही आधी ताप बघायला शिका, दोमला." आणि त्यानं एक छोटासा प्रोग्रॅम घालून दिला. आता डेस्कटॉपच्या कोपऱ्यात कायम आकडे दिसायला लागले: प्रोसेसर किती अंशांवर आहे, चित्रांचं कार्ड किती अंशांवर, आणि पंखा मिनिटाला किती फेरे घेतोय. साठपर्यंत हिरवं, त्यापुढे पिवळं, पंच्याऐंशीच्या वर लाल. पंचाण्णवच्या वर गेलं की शिट्टी.

आता इथे सांगायला हवं की दोमलांना आयुष्यात मोजायला हवं होतं तेवढं कधीच मिळालं नव्हतं. लायसियमच्या प्रयोगशाळेत एकच तापमापी, तीही कपाटात कुलूपबंद. आणि इथे घरबसल्या तीन तीन आकडे, तेही क्षणाक्षणाला बदलणारे. सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी ते कोपऱ्यात डोकावत. "एक्केचाळीस," असं रिसोलतला सांगत, आणि मग चहा मागत. रिसोलत म्हणाली, "अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कपाळाला कधी हात लावून बघितलात?" त्यावर दोमला म्हणाले, "तुझा पंखा कुठे आहे?"

चिल्ल्याचे दिवस होते. आमच्याकडे चिल्ला म्हणजे ऐन उन्हाळ्यातला असा काळ, की अंगणातली जर्दाळू झाडावरच सुकतात. खोलीच भट्टीसारखी, तिथे यंत्र कुठून गार राहणार? बातमी महल्ल्यात पसरली. आम्ही माणसं भेटलो की आधी प्रकृती विचारतो, मग मुलाबाळांची, मग घरादाराची, मग गायीगुरांची. आता दोमलांना रस्त्यात जो भेटे तो छातीवर हात ठेवून विचारी, "बरे आहात ना? मुलंबाळं खुशाल? घरी सगळं शांत? प्रोसेसर?"

दोमलांची आई ओयीजान हिला मात्र तो आकड्यांचा खेळ मुळीच पसंत नव्हता. शिट्टी वाजली की ती फाटक उघडायला जाई, तिथे कोणी नसे, आणि ती परत येऊन मुलाला बोल लावी.

"किती म्हणालास?"

"नव्वद, ओयी."

"नव्वद! माणूस बेचाळिसात जातो रे. आणि तू वर पंखा लावलायस? घामेजल्या अंगावर वारा घालतोस? असाच तुझ्या मामाला वारा बाधला आणि मान तिरकी झाली ती शेवटपर्यंत."

"ओयी, ते यंत्र आहे."

"यंत्र असलं म्हणून काय झालं? तुझे आजोबा चिल्ल्यात दुलईसारखा जाड चापान घालून बाजारात जायचे. बाहेरचं ऊन आत येत नाही. वर गरम कोक-चाय. घाम म्हणून नाही."

दोमला लायसियममध्ये काहीही असोत, आईपुढे त्यांचं रसायनशास्त्र चालत नाही. ते लायसियममधून परतले तर संगणकावर आजोबांचा चापान, बटणं लावून, कमरेला रुमाल बांधून, आणि शेजारी वाफाळत्या हिरव्या चहाची पियाली. डेस्कटॉपच्या कोपऱ्यातले आकडे लालभडक. पंखा जीव खाऊन फिरत होता आणि चापानाच्या बाह्या फुगून वर येत होत्या. दोमला धावले, चापान ओढून काढला, त्यात पियाली उपडी झाली आणि चहा कळफलकात गेला. ओयीजान म्हणाली, "बघ, गार व्हायला लागलं." आणि खरंच ते गार व्हायला लागलं होतं, कारण यंत्र बंद पडलं होतं.

कळफलक वाळत घातला असताना शेजारचे एर्गाश-आका डोकावले. ते मोटारी दुरुस्त करतात. त्यांच्या मते जगातली प्रत्येक वस्तू ही मुळात मोटारच असते, फक्त कोणाला चाकं कमी. "उघडू या," ते म्हणाले, आणि दोमला हो म्हणेपर्यंत उघडलंसुद्धा. आतून एक उशी भरेल इतकी धूळ निघाली. इथवर ठीक होतं. मग एर्गाश-आकांनी पंखा उचलला, प्रोसेसरवर लागलेला राखाडी लगदा त्यांना दिसला, आणि "किती ही घाण" म्हणत त्यांनी तो फडक्यानं लख्ख पुसून काढला.

रावशानला फोन केला तेव्हा तो किंचाळला. ती घाण नव्हती, उष्णता वाहून नेणारा लेप होता. तो नसेल तर पंखा नुसताच फिरेल. लेप मिळतो बाजारातल्या एकाच दुकानात, आणि दुकानाला कुलूप, कारण मालक भाचीच्या लग्नाला नामंगानला गेला होता. आमच्याकडे उन्हाळ्यात कुठलंही काम अडलं तर समजावं की मधे कोणाचं तरी लग्न आहे.

"लेपच हवा ना?" ओयीजान म्हणाली. "दुम्ब्याची चरबी लावा. खोकल्याला चालते, गुडघ्याला चालते, भाजलं तरी चालते."

मेंढ्याच्या शेपटीची ही चरबी आमच्या घराघरात असते. पुलावाची सुरुवात तिच्यानं होते आणि दुखण्याचा शेवटही बहुधा तिच्यानंच होतो. एर्गाश-आकांनी भुवया उंचावल्या आणि दोमलांकडे बघितलं. "दोमला, तुम्ही शिकलेले. काय म्हणता?"

आता इथे खरा रसायनशास्त्रज्ञ नाही म्हणाला असता. पण मेजवानी दोन पावलांवर आली होती. दोमलांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तत्त्वतः हरकत नाही. पोकळी भरली की उष्णता वाहते." एर्गाश-आकांनी बोटानं चरबी फासली, झाकण लावलं, आणि यंत्र सुरू केलं.

बावन्न! हिरवं! चरबी लावल्याबरोबर ताप बावन्नावर आला. दोमलांनी आईचे हात डोळ्यांना लावले. एर्गाश-आकांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की ते आता रेडिएटरलाही चरबी लावून बघणार आहेत. रावशानला फोन गेला, तो म्हणाला, "मी काही ऐकलं नाही."

संध्याकाळपर्यंत चरबी वितळली. पंख्यानं तिचा वास आधी खोलीभर, मग अंगणभर, मग गल्लीभर नेला. महल्ल्यातली मांजरं येऊन संगणकासमोर ओळीनं बसली. तीन शेजारी सहज म्हणून डोकावले आणि कबाब कुठे आहेत म्हणून इकडे तिकडे बघत राहिले. चुलीवर काहीही नसल्यामुळे दोमलांच्या घरी पाहुण्यांपासून लपवून कबाब खातात, अशी कुजबूज झाली. दोमलांना सगळ्यात जास्त लागलं ते हे. पाहुण्यांना उपाशी पाठवणारा म्हणून नाव होणं, यापेक्षा भोकाड परवडलं.

वास घालवायला आणि गारवा मिळवायला यंत्र अंगणात हलवलं. द्राक्षाच्या मांडवाखाली, फाटकाबाहेरच्या अरिकच्या, म्हणजे पाटाच्या, जवळ. तिथे पाण्याचा गारवा असतो. विजेची वायर मात्र अरिक ओलांडून एर्गाश-आकांच्या गॅरेजमधून आणावी लागली, कारण घरातला दाब यंत्राला पुरेना. तासाभरात महल्ला समितीचे अध्यक्ष हजर. त्यांनी वायरीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, मांजरांकडे बघितलं.

"दोमला, सार्वजनिक पाण्यावरून खासगी वीज जात नाही."

"मेजवानी होईपर्यंत जाऊ द्या, राईस-बोवा."

"अर्ज द्या. समिती बसेल."

"कधी बसेल?"

"दोघं सदस्य लग्नाला गेलेत." मग ते जरा खाली वाकून कुजबुजले, "आज किती आहे हो?"

"अठ्ठ्याहत्तर."

"आणि पंखा?"

"एकवीसशे फेरे."

राईस-बोवांनी जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं, वायरीखाली दोन विटा लावायला सांगितल्या आणि जाता जाता म्हणाले, "मी इथे आलोच नव्हतो."

मेजवानीच्या सकाळी दुकान उघडलं. एर्गाश-आकांनी चरबी खरवडून काढली, खरा लेप लावला, आणि यंत्र जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखं चाललं. वाङ्निश्चयाचा भाग झाला, मांडव झाला, नाच झाला, सगळं हिरव्यात. दोमलांच्या जिवात जीव आला. मग निरोपाचं दृश्य आलं. पहिले गुलाब पडले आणि आकडा ऐंशीवर गेला. कबुतरं सुटली, नव्वद. सोनेरी चांदण्यांवर पुन्हा गुलाब आले, सत्त्याण्णव, शिट्टी, आणि काळा पडदा. धूळ नाही, लेप नाही, चापान नाही. आता दोष द्यायला कोणीच उरलं नव्हतं. उरले होते फक्त गुलाब.

तेवढ्यात फाटकाशी गाड्या थांबल्या.

मोहिचेहरा उतरली, आजीच्या गळ्यात पडली, आईच्या गळ्यात पडली. दोमला मांडवाखालून म्हणाले, "ये बाळा, बस, एक मिनिट हं," आणि पुन्हा कोपऱ्यातल्या आकड्यांकडे बघायला लागले. त्यांना तिच्याकडे बघायचं नव्हतं असं नाही. तिच्याकडे बघितलं की काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि आज व्याही समोर होते.

यंत्र मोठ्या टीव्हीला जोडलेलं. पाहुणे सुरीवर, म्हणजे मांडवाखालच्या लाकडी बैठकीवर, टेकले. कढईत पुलाव दम धरत होता. टीव्हीवर फिल्म नव्हती, कोपऱ्यात वाढत जाणारा आकडा होता.

"कुदा, हे काय?" तुर्सुनालींनी विचारलं. "फिल्मची लांबी का?"

"ताप आहे," ओयीजान म्हणाली. "लेकाचा."

समजावून सांगितल्यावर सगळी मंडळी आकड्याकडे डोळे लावून बसली. अठ्ठ्याऐंशीला जावयानं टॉवेल घेऊन वारा घातला. त्र्याण्णवला हाफिज़ा-ओपांनी आपला रेशमी पंखा दिला. पंचाण्णवला खुद्द तुर्सुनाली दोप्पी काढून पुढे सरसावले. सत्त्याण्णवला शिट्टी झाली, मांजरं पळाली, पडदा काळा.

तुर्सुनालींनी दोप्पी झटकून डोक्यावर ठेवली आणि खिशातून फोन काढला. "असू द्या, कुदा. तरी मी म्हणत होतो. जावलोनला बोलावतो. पाच मिनिटांत उघडून बघेल काय आडवं येतंय ते."

दोमलांनी टीव्हीकडे बघितलं. जावलोन येणार, सगळ्यांसमोर, या मोठ्या टीव्हीवर, एकेक गुलाब उचलून बघणार.

मोहिचेहरा त्यांच्याशेजारी येऊन बसली. कळफलकापाशी वाकून हळूच म्हणाली, "अदाजान, गुलाब काढा."

"तुला कळत नाही बाळा, गुलाबांनी शोभा येते."

"मला माहिताय त्याच्यामागे काय आहे. मी गाडीच्या मागच्या काचेतून बघत होते. कोपऱ्यापर्यंत."

दोमलांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, त्या दिवशी पहिल्यांदाच. पोरगी जरा वाळल्यासारखी वाटली. डोक्याला सासरचा रुमाल, पण बसायची पद्धत तीच, एक पाय दुमडून. खूप बोलावंसं वाटलं, आणि बोलले फक्त, "सगळे हसतील गं."

"हसू देत. मी नाही हसणार."

"कुदा, फोन ठेवा," दोमला मोठ्यानं म्हणाले. "काय आडवं येतंय ते सापडलं." आणि यंत्र पुन्हा सुरू करून त्यांनी वरचे गुलाब काढले, चांदण्या काढल्या, हृदयं काढली, कबुतरं काढली, खालचे गुलाब काढले. मग यंत्राला आज्ञा दिली. पुलाव वाढला गेला. आकडा एकसष्टच्या वर गेला नाही, आणि दुसरी वाढ होईपर्यंत फिल्म तयार झाली.

दाखवली. विहीणबाईंची मिठी आली, अत्लास झळाळला, सगळ्यांनी वाहवा केली. आणि मग मिठीच्या पलीकडे दोमला. गाडीची मूठ, दोप्पी पायाखाली, तोंड उघडं. वर कर्णे थांबल्यामुळे आवाजही स्वच्छ. अंगणात कोणी घास चावेना. दोमलांनी मान खाली घातली आणि हसण्याची वाट बघत बसले.

हसलं कोणीच नाही. हाफिज़ा-ओपांनी बाहीनं डोळे टिपले आणि नवऱ्याकडे वळून बघितलं. "बघा. बाप असा असतो. आपली गुलसारा सासरी गेली तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

तुर्सुनालींनी पुलावातला लसूण सोलायला घेतला आणि तो बराच वेळ सोलत राहिले. त्यानंतर त्यांनी फर्गाना खोऱ्यातल्या कॅमेरावाल्यांचा विषय काढला नाही.

निघायची वेळ झाली. बायका फाटकाशी बोलत थांबल्या, मोहिचेहरा आजीचा हात धरून उभी होती. तुर्सुनालींनी दोमलांना द्राक्षाच्या मांडवाखाली बाजूला घेतलं.

"कुदा."

"बोला, कुदा."

"गुलसाराच्या लग्नाची फिल्म जावलोननं केलीय. सुरेख आहे."

"ऐकलंय."

"त्यात ती गाडीत बसते, मागे वळून बघते. आणि मी तिकडे पाठ करून खुर्च्या मोजतोय. भाड्याच्या होत्या." "तुमचे ते गुलाब... माझ्यावर घालता येतील?"

दोमलांनी त्यांच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना या माणसाबद्दल माया वाटली. "येतील ना. तुम्हाला दोन थर पुरतील, कुदा. जास्त घातले तर यंत्र तापतं."

"तापू द्या," तुर्सुनाली म्हणाले. "जास्तच घाला. मी रोज येऊन वारा घालीन."